शीव, माग आणि नकाशा

(व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय संगणकाच्या पडद्यावरील नकाशाचा आहे. परंतु त्याचा आरंभ गावाच्या शिवेपासून करणे अधिक उचित ठरेल. पेशवाईच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रातील गावांत एक रीत पाळली जात असे. रात्री चोरी झाली, की गावचा राखणदार, पुष्कळ ठिकाणी तो रामोशी असे, पहाटे चोराच्या पावलांचा माग काढू लागे. माग गावाच्या शिवेपर्यंत पोचवला आणि पुढच्या गावाच्या राखणदाराला दाखवून दिला, की आपले गाव जबाबदारीतून मोकळे. पुढच्या गावाने तो माग उचलून आपल्या शिवेबाहेर न्यायचा. ज्या गावात माग संपला आणि पुढे निघाला नाही, त्या गावाने चोरीची भरपाई करायची. एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेची दखल घेतलेली आहे.

या रीतीची मुळे फार खोल आहेत. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'तील चौथे अधिकरण 'कंटकशोधन' या नावाचे आहे. वाटेवर व्यापाऱ्याचा माल चोरीला गेला तर तो कोणी भरून द्यायचा, याचा क्रमच तेथे लावलेला आहे. गावात गेला तर ग्रामप्रमुखाने. दोन गावांच्या मधल्या कुरणात गेला तर कुरणाच्या अध्यक्षाने. कुरणही नसेल तर 'चोररज्जुक' नावाच्या अधिकाऱ्याने. आणि तोही नसेल तर शिवेलगतच्या गावांनी. राज्यातील एकही इंच जमीन अशी नाही, की जेथे घडलेल्या अपराधाला कोणीच उत्तरदायी नाही, हा त्यामागचा विचार आहे. भूगोल आणि न्याय यांचे नाते याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

इंग्रजी अमदानीत शिवेची जागा पोलीस ठाण्याच्या हद्दीने घेतली. पण एक मोठा फरक पडला. शीव ही माग पुढे सोपवण्याची जागा होती. हद्द ही माग थांबवण्याची जागा झाली. "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य ज्याने पोलीस ठाण्यात ऐकले नाही, असा नागरिक भाग्यवानच म्हणावा लागेल. चोर मात्र हद्द पाहून चोरी करीत नाही. एका ठाण्याच्या टोकाला तीन घरफोड्या, शेजारच्या ठाण्याच्या टोकाला चार, आणि रस्त्यापलीकडील तिसऱ्या ठाण्यात दोन. प्रत्येक ठाण्याच्या नोंदवहीत प्रकरण किरकोळ दिसते. नऊही ठिकाणे एका कागदावर मांडली, तर दहा मिनिटांच्या चालीच्या टापूत एकच टोळी वावरते आहे, हे शाळकरी मुलालाही कळेल. गुन्ह्यांचा नकाशा काढण्याची सारी विद्या मुळात एवढीच आहे.

ही विद्या नवी नाही. फ्रान्समध्ये १८२९ मध्ये गेरी आणि बाल्बी या दोघांनी त्या देशाचे तीन नकाशे एकाच कागदावर छापले. एक माणसांविरुद्धच्या गुन्ह्यांचा, दुसरा मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांचा आणि तिसरा शिक्षणप्रसाराचा. अज्ञानातून गुन्हा जन्मतो, असे त्या काळातील सुशिक्षितांचे ठाम मत होते. नकाशाने त्यांची पंचाईत केली. मालमत्तेचे गुन्हे शिकलेल्या, सधन अशा उत्तर भागातच अधिक निघाले. माणसाच्या पूर्वग्रहाला भूगोलाने छेद दिल्याचे हे एक जुने उदाहरण आहे आणि पुढे येणाऱ्या कथेसाठी ते ध्यानात ठेवावे.

त्यानंतर शंभर-दीडशे वर्षे जगभरातील ठाण्यांच्या भिंतींवर नकाशे लटकत राहिले आणि त्यांवर रंगीत टाचण्या टोचल्या जात राहिल्या. वर्ष संपले की टाचण्या काढायच्या आणि नवा नकाशा लावायचा; जुन्याची तुलना करायला काही उरत नसे. संगणकीय भौगोलिक माहिती प्रणालीने, म्हणजे ज्याला सर्वत्र जीआयएस म्हणतात त्याने, ही अडचण दूर केली. प्रत्येक घटनेला अक्षांश-रेखांश, वेळ आणि प्रकार चिकटवला, की हव्या त्या वर्षाचा, हव्या त्या प्रहराचा नकाशा क्षणात उभा राहतो. त्यावर रस्त्यांचे दिवे, बसथांबे, दारूची दुकाने यांचा थर चढवता येतो. अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात गेल्या शतकाच्या नवव्या दशकात पोलिसांना आलेल्या दूरध्वनींची अशी मांडणी केली, तेव्हा शहरातील सुमारे तीन टक्के पत्त्यांवरून निम्मे बोलावणे येते, असे आढळले. 'वाईट वस्ती' असे आपण ज्याला सरसकट म्हणतो, त्यातीलही बहुतेक घरे शांत असतात. उपद्रव एखाद्या चौकात, एखाद्या गुत्त्यात, एखाद्या अंधाऱ्या बोळात असतो.

न्यूयॉर्कची कथा पुष्कळांनी ऐकलेली असेल. भुयारी रेल्वेच्या पोलिसांतील जॅक मेपल या अधिकाऱ्याने लुटालुटीच्या जागा भिंतभर कागदांवर रंगवल्या. १९९४ मध्ये विल्यम ब्रॅटन पोलीस आयुक्त झाल्यावर तीच पद्धत 'कॉम्पस्टॅट' या नावाने साऱ्या शहराला लागू झाली. १९९० मध्ये त्या शहरात २,२४५ खून झाले होते. २००० साली तो आकडा सातशेच्या खाली आला. त्याचे सारे श्रेय नकाशाला देणे बरोबर नाही, कारण त्या दशकात अमेरिकेतील इतर शहरांतही गुन्हे घटले. शिवाय दर आठवड्याला आकड्यांचा जाब द्यावा लागतो म्हटल्यावर काही ठाण्यांनी गुन्हा हलका दाखवण्याचा मार्ग धरला, असे निवृत्त अधिकाऱ्यांच्या पाहणीतून २०१० मध्ये पुढे आले. 'बर्किंग' हा शब्द आपल्याकडील पोलीस वर्तुळाला अपरिचित नाही. ज्याची नोंदच झाली नाही, तो गुन्हा नकाशावर येत नाही.

नकाशा न्यायालयात कसा बोलतो, याचे उदाहरण मुंबईनेच जगाला दिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यापूर्वी डेव्हिड हेडलीने मुंबईत वारंवार येऊन लक्ष्यांची आणि किनाऱ्यावर उतरण्याच्या जागांची टेहळणी केली होती, आणि जागांचे अक्षांश-रेखांश जीपीएस यंत्रात टिपून नेले होते. ज्या तंत्राने रक्षकाला जागा कळते, त्याच तंत्राने घातपात्यालाही कळते. परंतु तेच तंत्र त्यांच्यावर उलटले. 'कुबेर' या मासेमारी नौकेवर सापडलेल्या जीपीएस यंत्रातील माहिती अमेरिकी तपास संस्थेच्या प्रयोगशाळेत काढली गेली. कराचीकडील समुद्रातून मुंबईकडे येणारा मार्ग त्यातून उलगडला, आणि तज्ज्ञाची साक्ष विशेष न्यायालयात नोंदली गेली. कसाबचा कबुलीजबाब नाकारता आला असता, साक्षीदारावर संशय घेता आला असता. यंत्राने टिपलेल्या मार्गाला धर्म नव्हता की राष्ट्रीयत्व. तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन तो दहशतवादी जिवंत धरून दिला, आणि शत्रूच्याच यंत्राने तो कोठून आला हे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी फाशी कायम केली.

येथवर ऐकणाऱ्याला वाटेल, की आता अडचण ती काय? यंत्रे घ्यावीत, माणसे शिकवावीत आणि काम सुरू करावे. याच ठिकाणी कॅनडातील व्हँकूवर शहराची कथा सांगणे आवश्यक आहे.

किम रॉस्मो हे व्हँकूवरच्या पोलीस दलातील अधिकारी. नोकरी करीत असतानाच त्यांनी सायमन फ्रेझर विद्यापीठात गुन्हेशास्त्राचे अध्ययन केले आणि १९९५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या सिद्धांताचे सार कोणाही गृहिणीला कळेल असे आहे. एकामागून एक गुन्हे करणारा माणूस सहसा अगदी आपल्या दाराशी गुन्हा करीत नाही, कारण तेथे त्याला ओळखतात. आणि फार लांबही जात नाही, कारण लांबच्या वाटा त्याला अनोळखी असतात. म्हणजे त्याच्या घराभोवती एक कोरे कडे असते आणि त्याबाहेर गुन्ह्यांची दाटी असते. जागा पुरेशा असतील, तर उलट दिशेने गणित करून त्याचे ठिकाण कोणत्या टापूत असण्याचा संभव अधिक, हे सांगता येते. गणित घराचा क्रमांक सांगत नाही. हजार संशयितांच्या यादीत आधी कोणाकडे पाहावे, एवढे सांगते. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात अनेक वर्षे सापडत नसलेल्या एका बलात्काऱ्याच्या तपासात हे गणित वापरले गेले. अखेर जो पकडला गेला, तो तेथील पोलीस खात्यातीलच माणूस निघाला, आणि गुन्ह्यांच्या काळात तो गणिताने दाखवलेल्या टापूतच राहत होता.

अशा माणसाच्या स्वतःच्या शहरात काय घडले? व्हँकूवरच्या डाउनटाउन ईस्टसाइड या दरिद्री वस्तीतून स्त्रिया नाहीशा होत होत्या. त्यांतील बऱ्याचजणी व्यसनाधीन होत्या, देहविक्रय करीत होत्या, आणि कित्येकजणी तेथील मूळ निवासी समाजातल्या होत्या. देह सापडत नव्हते. देह नाही म्हणजे गुन्ह्याची जागा नाही, आणि जागा नाही म्हणजे रॉस्मो यांच्या यंत्राला खाद्य नाही. तरीही त्यांनी जे उपलब्ध होते त्याचे गणित केले. एवढ्या लहान वस्तीतून एवढ्या थोड्या काळात एवढ्या स्त्रिया नाहीशा होणे हा योगायोग नसून एकाच खुन्याचे हे काम असण्याचा संभव सर्वांत मोठा आहे, असे त्यांनी १९९८-९९ मध्ये वरिष्ठांना सांगितले. लोकांना सावध करावे, असा आग्रह धरला. तो मानला गेला नाही. त्या स्त्रिया भटक्या वृत्तीच्या, कोठेतरी गेल्या असतील, असे उत्तर मिळाले. त्याच सुमारास शहराच्या सधन भागात घरांच्या गॅरेजमध्ये झालेल्या लुटींच्या तपासासाठी मोठे बक्षीस जाहीर झाले होते. बेपत्ता मुलींच्या आयांना तसेच बक्षीस मिळावे म्हणून झगडावे लागले.

शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर पोर्ट कोक्विटलम येथे रॉबर्ट पिकटन नावाच्या माणसाचे डुकरांचे फार्म होते. १९९७ मध्येच तेथे एका स्त्रीवर प्राणघातक हल्ला झाला होता. पुढल्या वर्षी तो खटला गुंडाळला गेला. स्त्रिया नाहीशा होत होत्या त्या व्हँकूवर शहर पोलिसांच्या हद्दीतून. फार्म होते ते राष्ट्रीय पोलीस दलाच्या हद्दीत. माग शिवेपाशी आला आणि तेथेच बसून राहिला. पोलीस २००२ च्या फेब्रुवारीत त्या फार्मवर शिरले तेही अवैध शस्त्रांच्या झडतीसाठी. तेथे ३३ स्त्रियांचे अवशेष किंवा डीएनए सापडला. २००७ मध्ये सहा खुनांसाठी पिकटन दोषी ठरला. २०२४ मध्ये तुरुंगातच दुसऱ्या कैद्याच्या हल्ल्यानंतर तो मेला. रॉस्मो यांची नोकरी २००० सालीच संपवण्यात आली होती.

या साऱ्या प्रकाराची चौकशी ज्यांनी केली, ते न्यायमूर्ती वॉली ओप्पल हे भारतीय वंशाचे. २०१२ च्या अहवालात त्यांनी पोलिसांच्या ढोबळ अपयशावर आणि त्यामागील पक्षपातावर बोट ठेवले. जगातील सर्वोत्तम नकाशातज्ज्ञ ज्या शहराच्या पदरी होता, त्या शहरात त्या स्त्रियांच्या वाट्याला नकाशावरचा एक ठिपकाही आला नाही. यंत्र कमी पडले नाही. त्या बायकांना माणसांत गणायचे की नाही, हे यंत्राकडे जाण्यापूर्वीच ठरून गेले होते.

पाश्चात्त्यांची ही कथा ऐकून आपल्या समाजाला समाधान मानता येणार नाही. कारण आपल्या भूमीवर याची उलटी बाजू घडली आहे. तेथे काहींना ठिपका मिळाला नाही. येथे काही समाजच्या समाज एका रंगात बुडवून काढले गेले. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ मध्ये त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह सर्वत्र वाढवली. अपराध सिद्ध झालेला असो वा नसो, विशिष्ट जातीत जन्मलेले मूल जन्मतः संशयित ठरले. बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडायला परवाना. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. आणि या यादीत नावे कोणाची? ज्यांच्या पूर्वजांनी गडकोटांची राखण केली ते बेरड आणि रामोशी. ज्यांची नजर जंगलातील पावलांचा माग काढण्यात तरबेज होती ते पारधी. जो शिवेवर माग सोपवीत होता, त्याच्याच पावलांचा माग सरकार काढू लागले. उमाजी नाईकांना १८३२ मध्ये फाशी देणाऱ्या सत्तेकडून अन्य अपेक्षाही नव्हती.

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. सोलापूरचे कुंपण तुटले. समाज 'विमुक्त' म्हणवला गेला. पण ठाण्यातील वहीचे पान कोणी फाडले नाही. कोठेही दरोडा पडला, की पहिली धाड पारध्यांच्या पालावर, ही वहिवाट चालू राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगातील जातिभेदासंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला विमुक्त जमातींविषयीचे हे जन्मजात गुन्हेगारीचे गृहीतक घटनाबाह्य असल्याचे पुन्हा बजावावे लागले, यावरून ते किती चिवट आहे, हे दिसते.

आता हीच वही संगणकात भरली तर काय होईल? जेथे धाडी अधिक पडल्या, तेथे अटका अधिक झाल्या. जेथे अटका अधिक, तेथे ठिपके अधिक. जेथे ठिपके अधिक, तेथे उद्या पुन्हा धाड. संगणक आपल्या मनाचे काही सांगत नाही. तो कालच्या हवालदाराचे मत आजच्या पडद्यावर लाल रंगात दाखवतो. अमेरिकेत यावर बराच खल झाला. गुन्ह्याचे भाकीत करणारी प्रणाली लॉस एंजलिसच्या पोलिसांनी २०२० मध्ये बंद केली, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ शहराने अशा प्रणालीवर बंदीच घातली. आपल्याकडे दिल्ली पोलिसांनी उपग्रहचित्रांच्या आधारे गुन्ह्यांचा नकाशा आखला. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पोलिसांसाठी 'मार्व्हल' ही कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा नागपुरात उभी केली. हे घडायलाच हवे होते. सायबर चोर आणि घातपाती अद्ययावत असताना पोलिसांनी टाचण्या टोचत बसावे, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. प्रश्न आहे तो यंत्राला भरवल्या जाणाऱ्या नोंदींचा.

त्यातील एक तांत्रिक बाब फारशी कोणी बोलत नाही. दूरध्वनी आला, की यंत्र पत्ता शोधते. सदाशिव पेठेतील घराला क्रमांक असतो. ठिपका त्या दारावर उमटतो. झोपडवस्तीतील घराला क्रमांक नसतो. तेथील प्रत्येक तक्रारीचा ठिपका वस्तीच्या मध्यावर जाऊन पडतो. शंभर वेगवेगळ्या घरांची गाऱ्हाणी एकाच बिंदूवर साचतात आणि पडद्यावर तेथे लाल डाग भडकतो. तक्रार करणारी स्त्री नवऱ्याच्या मारापासून संरक्षण मागत असते. नकाशा तिच्या वस्तीला उपद्रवी ठरवतो. आणि पालावर राहणाऱ्याचे तर पालच पुढल्या महिन्यात हललेले असते. मिनिआपोलिसच्या नकाशाने दिलेला धडा, की उपद्रव वस्तीत नसून एखाद्या चौकात असतो, तो पत्त्याअभावी येथे हरवतो.

म्हणूनच यमगरवाडीसारख्या कामाकडे केवळ सेवाकार्य म्हणून पाहणे अपुरे आहे. तुळजापूर तालुक्यातील या गावी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी शाळा व वसतिगृह सुरू झाले. गिरीश प्रभुणे आणि त्यांचे सहकारी पालापालांवर हिंडले. प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ही आनंदाची गोष्ट; परंतु कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यायचे ते पालावरील रोजचे काम. शिधापत्रिका, जातीचा दाखला, मतदारयादीतील नाव, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख. वरवर पाहता ही कचेरीतील किरकोळ कामे. प्रत्यक्षात प्रत्येक दाखला म्हणजे राज्याच्या नकाशावर त्या माणसाचा एक चांगला ठिपका असतो. ज्याची नोंद केवळ ठाण्यात आहे, त्याला राज्य केवळ आरोपी म्हणूनच ओळखते. ज्याची नोंद शाळेत, दवाखान्यात आणि रेशन दुकानातही आहे, त्याच्याकडे धाड टाकण्यापूर्वी निदान एकदा विचार करावा लागतो. समरसता हा शब्द व्यासपीठावर सोपा असतो. तहसील कचेरीच्या रांगेत त्याची परीक्षा होते.

हद्दीच्या प्रश्नावर कायद्याने एक पाऊल टाकले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कोणाच्याही हद्दीत घडलेला असो. 'शून्य क्रमांकाची' नोंद करून ती योग्य ठाण्याकडे पाठवणे हे त्या ठाण्याचे काम. म्हणजे शिवेवर माग सोपवण्याची रीत दोनशे वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात परत आली, असे म्हणायला हरकत नाही.

ती रीत पालावरच्या बाईपर्यंत पोचली आहे काय? तिची मुलगी बाजारातून परतली नाही, आणि ती रात्री नऊ वाजता जवळच्या ठाण्यात उभी आहे. अंमलदार नाव विचारतो, मुलीचे वय विचारतो, आणि पुढच्या रकान्यापाशी थांबतो: राहण्याचा पत्ता. तेथे काय लिहिले जाते, आणि ते लिहिले जाईपर्यंत तिच्या सोबत कोणी उभे असते का, हे आपल्या गावच्या ठाण्यात जाऊन पाहता येईल.